ध्यान कुठी हाय

आमच्या घरात कुणी हळू बोललं की माय त्याच्या कपाळाला हात लावून पाहायची, ताप तर नाही ना म्हणून. आमचं घर जिनिंगचं घर होतं. बाबा बाभुळगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री, माय आणि माझी मोठी बहीण शकुनताई तिथंच मशिनीत कापूस टाकायला. एकटी मीच शाळेत, कारण रुईच्या धुळीनं माझा दम कोंडायचा. त्या दम्याचे उपकार मी अजून विसरले नाही. दिवाळी झाली की कापूस यायला लागायचा आणि होळीपर्यंत मशिनी धडधडत राहायच्या. आवाज असा, की शेडात पाऊल टाकलं की बरगड्या हलायच्या. तिथं तोंडानं बोलून काही उपयोग नसायचा. बायका ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. दोन बोटं ओठांना लावली म्हणजे चहा, पदराची गाठ दाखवली म्हणजे मुकादम येतोय, तळहात गालाला म्हणजे सुट्टी. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाला दिवस गेले, सगळ्या बातम्या त्या दणदणाटात एक शब्द न काढता फिरायच्या, आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

संध्याकाळी तिघं घरी यायचे ते केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई घेऊन, आणि तो आवाज अंगात घेऊन. बाबा ओरडून पाणी मागायचे, माय ओरडून ‘देतो नं, जीव चालला काय’ म्हणायची. कुणाला हाक मारायची म्हणजे आधी खांद्यावर थाप मारायची, मग समोर उभं राहून तोंड उघडायचं. नवा माणूस दारात आला की परत फिरायचा. त्याला वाटायचं, आत भांडण पेटलंय. थंडीत माय सोल्यांची भाजी करायची, तुरीचे ओले दाणे वाटून, वर तेलाचा तवंग येईपर्यंत. भाकर चुलीवरून सरळ ताटात यायची. जेवताना चौघांची तोंडं भरलेली, तरी गप्पा चालू, कारण हात मोकळे असायचे. मी शाळेत गेले की बाई म्हणायच्या, “अगं, मी बहिरी नाही, हळू बोल.” आमच्या घरात हे वाक्य कुणी म्हटलं असतं, तर ते कुणाला ऐकूच गेलं नसतं. असल्या घरात एका पोरीचे कान हळूहळू जात होते, ते कळणार कसं आणि कुणाला?

केबल आली तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी तार ओढून घेतली. टीव्हीचा आवाज अर्थातच शेवटच्या टोकापर्यंत. रोज संध्याकाळी एक कार्यक्रम लागायचा. नाव आता आठवत नाही आणि आठवावंसंही वाटत नाही. त्यात चांगल्या घरच्या बाईला खुर्चीवर बसवून सुईत दोरा ओवायला सांगायचे. ती ओवायला लागली की मागून अस्वलाचं सोंग घेतलेला माणूस नाचत यायचा, वरून पिठाचं पोतं उपडं व्हायचं, कुणी कानाशी भोंगा वाजवायचं. एकदा एक मास्तर सतराचा पाढा म्हणत होते आणि त्यांच्या सदऱ्यात कोंबडीची पिल्लं सोडली होती. ज्याचं ध्यान ढळलं तो बाद. माणसाला धड काम करू द्यायचं नाही आणि त्याची फजिती चहासोबत पाहायची, यात बक्षीस देण्यासारखं काय आहे, हे मला आज अजिबात कळत नाही. तेव्हा मात्र मी उशी पोटाशी धरून लोळायची.

“हे तं कायच नाई,” बाबा टीव्हीवर बोट रोखून म्हणायचे. “आमची शकुन तठी बसली नं, तं हे सारे अस्वलं थकून घरी जातीन.” आणि लगेच प्रयोग. ताई दाराकडे पाठ करून तूर निवडत बसलेली असायची. बाबा मागून परात आणि लाटणं घेऊन यायचे आणि लग्नाच्या बँडसारखं बडवायचे. शेजारची कुत्री भुंकायला लागायची. ताईची बोटं मात्र ताटातून हलायची नाहीत, खडा उचलायची, बाजूला टाकायची, पुन्हा उचलायची. बाबा घामाघूम होऊन हसायचे. “पाह्यलं का? याले म्हंतेत ध्यान!”

बाबांचा दोष तरी किती द्यावा? अख्ख्या वस्तीला तसंच वाटत होतं. रविवारी विहारात वंदना झाली की भंतेजी सगळ्यांना डोळे मिटून बसवायचे. थोड्या वेळानं ते ‘साधू, साधू, साधू’ म्हणायचे, लोक डोळे उघडायचे, आळोखेपिळोखे देत उठायचे, लेकरं चपला शोधायला पळायची. ताई तशीच बसलेली. डोळे मिटलेले, पाठ ताठ, चेहऱ्यावर किती शांती! मग माय जाऊन खांद्यावर हात ठेवायची, तेव्हा ती उठायची. बायका एकमेकींना कोपर मारायच्या. “शकुनसारखं ध्यान कोनाचंच नाई व बाप्पा.” भंतेजींनी तर एकदा सगळ्यांपुढं तिचं नाव घेतलं. त्या दिवशी बाबांनी अख्ख्या गल्लीला आलूबोंडे खाऊ घातले. मी आज त्या दिवसाबद्दल विचार करते तेव्हा माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. डोळे मिटलेल्या बहिऱ्या माणसाला संपलं हे कोण सांगणार, हा साधा विचार आमच्यापैकी एकालाही शिवला नाही.

त्याच हंगामात ताईला पाहायला कळंबचे लोक आले. प्रभाकर नावाचा मुलगा, कळंबच्या बसस्टँडजवळ शिलाईचं छोटं दुकान, घरात तो आणि त्याची माय. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, बोटांना खडूची पावडर. ताई चहा ठेवून स्वयंपाकाकडे वळली तेव्हा तो मागून काहीतरी म्हणाला. ती थांबली नाही. तो क्षणभर तिच्या पाठीकडे पाहत राहिला. निघताना मात्र तो मुद्दाम अंगणातून फिरून तिच्या समोर आला आणि तिच्या तोंडाकडे पाहून सावकाश म्हणाला, “येतो मी.” ताई लाजून हसली. मला वाटलं, कळंबची माणसं जरा जास्तच रीतीची दिसतात.

होकार आला. होळीनंतर, म्हणजे जिनिंग बंद झाल्यावर, लग्न करायचं ठरलं. ताईनं आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. त्या दिवसांत ती मला अंगणाच्या पलीकडून ओठांनी सांगायची, कुणाला कळू नये म्हणून, “मले बसून काम करायचं हाय व. त्याच्या दुकानाले खिडकी हाय म्हंतेत. तठी बसून मी काजे-बटनं करीन.” बस, एवढंच. मशिनीसमोर दिवसभर उभं राहायचं नाही, धूळ खायची नाही, खिडकीशी बसून बटणं लावायची. तेवढ्यासाठी ती पोरगी दिवस मोजत होती, आणि कान गेल्याचं एकटी सांभाळत होती. लग्न होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, पण तेही तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आमच्या गावचा केबलवाला गजू. त्याचा स्वतःचा एक चॅनल होता. त्यावर पिक्चर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मधूनमधून हरवलेल्या म्हशीची खबर. गजूनं त्या कार्यक्रमाची नक्कल काढली. नाव ठेवलं ‘ध्यान कुठी हाय’. बाजाराच्या शेडात मंच, एक कॅमेरा, आणि फक्त बायकांसाठी स्पर्धा: डोळ्यांवर पट्टी बांधायची, पुढ्यात कापूस, बोटांनी सरकी काढून वेगळी करायची. हात थांबला, मान वळली, तोंडातून आवाज निघाला की बाद. बक्षीस मिक्सर. बाबांनी विचारायच्या आधीच ताईचं नाव देऊन टाकलं.

“मले नाई जायचं,” ताई म्हणाली.

“काहून?” बाबांचा चेहरा उतरला. “तुह्याच आंदनात देईन मी तो मिक्सर. तुह्या सासूनं पाह्यलं पाह्यजे, कशी पोरगी भेटली म्हून!”

“डोळे बांधतेत म्हंतेत.”

“मंग काय झालं? सरकी काढाले तुले डोळे लागतेत काय?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “भेतं काय व ताई? जाय नं!” बाबांनी कळंबला निरोप धाडला, सोयऱ्यांनी अवश्य यावं.

शेड गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर प्रभाकर आणि त्याची माय. बाबांनी त्यांच्यासाठी चिवड्याच्या पुड्या आणल्या होत्या. मंचावर खुर्च्या मांडून ओळीनं बायका बसवल्या, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. गजूनं माईक हातात घेतला आणि सुरू झालं. बँडवाल्यांनी कानाजवळ ताशा वाजवला तेव्हाच निम्म्या बायका खुदकन हसून बाद झाल्या. डब्याखाली सुतळी बॉम्ब फोडला, दोघी किंचाळल्या. ताईची बोटं चालूच. मांडीवर कोंबडा सोडला. तिनं एका हातानं त्याला अलगद खाली ठेवलं आणि दुसऱ्या हातानं सरकी काढत राहिली. मानेवर बर्फ ठेवला. खांदे जरा वर गेले, हात नाही थांबला. ते ध्यान काही खोटं नव्हतं, हे मी आजही कुणालाही भांडून सांगेन. ऐकू न येणाऱ्या माणसालाही बर्फ गारच लागतो.

शेवटी ताई आणि एक दूधवाली उरली. गजूला चेव आला. त्यानं सरळ प्रभाकरला हाताला धरून वर ओढलं. “आता नवरदेव सोता हाक मारतीन! पाहू, नवरीचं ध्यान कुठी हाय!” लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रभाकर ताईच्या खुर्चीमागं उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला, आणि गजूनं त्याच्या हातात माईक दिला. तो हळूच म्हणाला, “शकुन.” माईकमधून ते अख्ख्या शेडात घुमलं. लग्नाआधी नवऱ्यामुलानं भर सभेत नुसतं नाव घेतलं म्हटल्यावर दूधवाली फिस्सकन हसली आणि बाद झाली. ताई ढिम्म. गजूनं घंटा बडवली. टाळ्या, बँड, फटाके. बाबा खुर्चीवर चढून नाचत होते. “माह्यी पोरगी! माह्यी पोरगी!”

आणि ताई सरकी काढत होती.

लोकांना आधी वाटलं, ती मजा करतेय. गजू म्हणाला, “अवो शकुनताई, झालं नं, जितल्या तुम्ही!” तिनं कापसाचा नवा बोळा उचलला. घंटा पुन्हा वाजली. हसणं कमी कमी होत गेलं. प्रभाकरनं माईकमध्ये मोठ्यानं हाक मारली, “शकुन!” इतकी मोठ्यानं की भोंगा किंचाळला. तिची बोटं शांतपणे चालली होती, एक सरकी ताटात, एक सरकी ताटात, आणि आता त्या ताटाचा टणटण आवाज शेडाच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. मागून कुणीतरी ओरडलं, “अबे, बहिरी हाय ते!” आणि सगळं शेड फुटल्यासारखं हसलं.

प्रभाकरनं माईक खाली केला, वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि मग तिच्या खांद्यावर हलकी थाप मारली. ताई थांबली. हसत हसत तिनं पट्टी काढली. समोर माणसं पोट धरून हसत होती, तीही त्यांच्यासोबत थोडं हसली, जिंकले म्हणून. मग तिला बाबांचं तोंड दिसलं. ती मागं वळेपर्यंत प्रभाकरची माय वर आली होती आणि लेकाचं मनगट धरून त्याला खाली घेऊन चालली होती. चिवड्याच्या पुड्या खुर्चीवर तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला. फसवणूक केली म्हणाले, आजारी माल माथी मारत होते म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं. यवतमाळच्या डॉक्टरनं कानात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, आवाजानं नसा गेल्या, आता काही होत नाही, घरी घेऊन जा. जिनिंगच्या मुकादमाला माय रडत सांगायला गेली, तर तो म्हणाला, “कानाचं काम हाय काय अठी? हातच लागतेत.” त्याच्या मते ती मेहेरबानी होती. ताई सोमवारपासून पुन्हा मशिनीसमोर उभी राहिली.

आणि गजू ते रोज दाखवायचा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. लोकांना फार आवडलं होतं. बाजारात पोट्टे डोळे मिटून सरकी काढायची नक्कल करायचे. आम्ही टीव्ही बंद करायला गेलो की ताई हात आडवा घालायची. ती अगदी काचेजवळ बसायची, नाक लावून, पापणी न हलवता. माय म्हणायची, “बाई व, कायले सोताले जाळून राह्यली?” मी तर चिडून ओरडले, जणू ओरडल्यानं काही होणार होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबा पक्कड घेऊन कौलांवर चढले आणि त्यांनी तार कापली. पडदा मुंग्यांनी भरला. ताईनं असा आक्रोश केला, की मी तिचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. “काहून कापली? काहून कापली, बाबा?”

“तुह्यासाठीच कापली, पोरी!” बाबा वरूनच रडत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मला किराणा दुकानासमोर सापडली. दुकानातला टीव्ही चालू, बाहेर घोळका, आणि घोळक्यात पुढं ही, स्वतःच्याच फजितीकडे डोळे लावून. लोक तिच्याकडे आणि टीव्हीकडे आळीपाळीनं पाहून हसत होते. मी तिचं मनगट धरलं आणि फरफटत घरी आणली. “लाज वाटते काय थोडी तरी?” मी तिच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं. त्या आठवड्यात गजूनं त्याच कॅसेटवर कुठलासा पिक्चर भरला. विषय संपला. प्रभाकरचं लग्न त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं झालं. बाबा पुढं पुष्कळ वर्षं जगले आणि शेवटच्या आजारपणातही म्हणायचे, बाकी हातून चुका झाल्या असतील, पण तार कापली ते बरं केलं.

आता आम्ही दोघी, केस पिकायला लागलेल्या, यवतमाळला राहतो. माझा शिक्षिकेचा पगार, तिचा तो मिक्सर. हो, तोच, दोन वेळा भांडं बदललं, मोटर तीच. चालू आहे की नाही हे ती झाकणावर तळहात ठेवून ओळखते. टीव्हीचा आवाज आमच्याकडे बंदच असतो, ती ओठ पाहते आणि मला सांगते कोण खोटं बोलतंय. परवा दुपारी ती मेथी निवडत होती आणि टीव्हीवर पुन्हा तसलाच एक कार्यक्रम. एका पोरीच्या कानाशी कुणी भोंगा वाजवत होतं. मी बंद करायला उठले. ताईनं हात आडवा घातला, अगदी तेव्हासारखा.

“मले त्या टीव्हीत त्याचं तोंड दिसे,” ती म्हणाली.

“कोनाचं?”

“प्रभाकरचं. माह्यामांगं उभा होता तं मले काय दिसते? पन टीव्हीत दिसे. तो वाकून बोलला नं, तुमच्यातल्या कोनाले आयकू नाई आलं. मले दिसलं.” तिनं मेथीची काडी मोडली. “मले माहीत हाय, म्हने. पयलेपासून माहीत हाय. आनखीन काईतरी म्हने तो, पुढं. ते नाई समजलं. चित्र बारीक, मुंग्या येत. रोज थोडंथोडं समजून राह्यलं होतं मले. मंग बाबानं तार कापली.”

मी खाली बसले. तो अंगणातून फिरून समोर आलेला मुलगा आठवला, सावकाश ‘येतो मी’ म्हणणारा. खांद्यावरची ती थाप आठवली, आमच्या घरातल्यासारखी. दुकानासमोर मी धरलेलं तिचं मनगट आठवलं. इतक्या वर्षांचा राग आला आणि जायला जागा सापडेना, म्हणून तो त्या माणसावरच निघाला. मी तिच्या समोर तोंड नेऊन ओरडले, “मंग मोठ्यानं काहून नाई म्हटलं त्या लेकाच्यानं? माईक हातात होता नं त्याच्या! सारं गाव बसलं होतं, त्याची माय बसली होती! मोठ्यानं म्हनाले काय झालं होतं?”

ताईनं माझे ओठ थांबेपर्यंत वाट पाहिली. मग मेथीचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

“मोठ्यानं म्हटलं असतं,” ती म्हणाली, “तरी मले थोडंच आयकू येनार होतं?”